वाचनालयाचा उन्हाळी उत्सव: मंच, आवाज आणि वेळ यांच्या नोंदी

२१ मार्च

कार्यकारिणीची बैठक झाली. ३० एप्रिल ते ३ मे, चार संध्याकाळी, वाचनालयामागच्या मैदानावर. पहिल्या दिवशी व्याख्यान, महाराष्ट्र दिनाला शाहिरी, २ मे मुलांचा, शेवटी गायनाची मैफल. पहिलं पुष्प व्याख्यानाचंच हवं, हा अध्यक्षांचा दरवर्षीचा हट्ट. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिथपासून ते सुरुवात करतात आणि बैठकीची पंधरा मिनिटं त्यात जातात. हट्टाला माझी हरकत नाही. उन्हाळ्यात गावातले लोक व्याख्यानाला आजही येतात. शेवटच्या रांगेला काही ऐकू येत नाही म्हणून ते उठून जातात, ही खरी अडचण.

माझ्याकडे मंच, आवाज आणि वेळ. निमंत्रणपत्रिका, पाहुणे, हारतुरे दुसऱ्यांकडे. बरंच झालं.

२३ मार्च

आधी वेळेचं गणित मांडून ठेवतो, कारण बाकी सगळं त्यावर बसतं.

एप्रिलअखेर आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास मावळतो. पुढची वीसेक मिनिटं आकाशात उजेड असतो. तोवर मंचावरचे दिवे लावले काय न लावले काय. म्हणजे अंधार हवा असलेला कार्यक्रम ७:२० च्या आधी सुरू होत नाही. दुसरं टोक कायद्याने बांधलेलं आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकतं, पण ते दिवस प्रशासन ठरवतं. त्या यादीच्या भरवशावर आपला उत्सव आखायचा नाही.

हाती उरतात दोन तास चाळीस मिनिटं. यातून सत्कार, प्रास्ताविक, परिचय, आभार वजा केले की कलेसाठी काय राहतं ते मागच्या वर्षी सगळ्यांनी पाहिलंय. निवेदकाने शाहिरांना तिसऱ्यांदा चिठ्ठी पाठवली तेव्हा अफझलखान अजून शामियान्यापर्यंतही पोचला नव्हता.

२९ मार्च

पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाच्या परवान्याचा अर्ज दिला. वाचनालयाचं पत्र, जागेचं ना-हरकत पत्र, चारही दिवसांच्या वेळा. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा अर्जावर छापलेलीच असते. मोजायला कुणी येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मैदानासमोरच्या इमारतीत प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी मुलं आहेत, त्यांच्या आई-वडिलांचे कान हे आवाज मोजायच्या यंत्रापेक्षा तिखट.

२ एप्रिल

बैठकीत कुणीतरी विचारलं, गाण्यांसाठी परवाना लागतो म्हणे? वाचून घेतलं. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये तरतूद आहे: हौशी मंडळाने, पैसे न घेता आलेल्या प्रेक्षकांपुढे साहित्यकृती, नाटक किंवा संगीतरचना सादर केली तर तो हक्कभंग नाही. मुलांचा दिवस यात सरळ बसतो. म्हणून खजिनदारांची ‘ऐच्छिक देणगी प्रवेशिका’ ही कल्पना मी जागीच खोडून काढली. दारात पैसे घेतले की आपण त्या कलमाच्या बाहेर.

मैफलीचा प्रश्न वेगळा, तिथे कलाकार व्यावसायिक आहेत. हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पारंपरिक बंदिशी मोकळ्या. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचाच हक्क नाही, पण चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर तिच्यावर असतो. गायिकाबाईंना फोन करून हे सांगितलं तर म्हणाल्या, “काळजी करू नका, मी पारंपरिकच गाणार आहे. फक्त तुमचा मंच हलत नाही ना ते बघा. मागच्या खेपेला तंबोरा नाचत होता.” लाकडी फळ्यांखाली मधला आधार वाढवायला मंडपवाल्या अण्णांना सांगितलं.

९ एप्रिल

मुलांचं शिबिर सुरू. सकाळी साडेसात ते दहा, त्यानंतर पत्र्याच्या शेडखाली बसवत नाही. शिबिर घेणाऱ्या बाईंनी यंदा नाटकाबरोबर चित्रकथी घ्यायचं ठरवलंय. मला फार आवडलं.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने ही कला जपली. एका कथेची चित्रं सुट्या पानांवर असतात, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक पान पुढे धरतो, गातो, बोलतो, पुढचं पान काढतो. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गोठ्याचंच संग्रहालय केलं आहे. आमच्या मुलांनी रामायण-महाभारताऐवजी गावच्या जुन्या विहिरीची गोष्ट निवडली. आजोबा-आजींकडून ऐकून आले आणि प्रत्येकाची विहीर वेगळी निघाली. एकीत भूत, एकीत बुडालेलं पितळी भांडं, एकीत दुष्काळात खालपर्यंत उतरलेली पणजी. बाईंनी तिन्ही ठेवल्या.

जाड कागदावर आधी पेन्सिल, मग काळ्या शाईची रेघ, मग रंग. सकाळी नऊनंतरच्या झळीत पोस्टर रंग कुंचल्यावरच सुकतो. एक मुलगी दर दोन रेघांनंतर कुंचला वाटीत बुडवत होती आणि तिच्या पणजीचं लुगडं फिकं होत चाललं होतं. बाईंनी तिला रंग बदलायला सांगितलं नाही. “पणजी खाली उतरतेय ना, मग विरत जाऊ दे की,” म्हणाल्या. पुढच्या पानांवर तिने लुगडं मुद्दामच फिकं करत नेलं.

१४ एप्रिल

चित्रकथीवरून बाईंचा आणि माझा वाद. त्यांचं म्हणणं, ही पानं मैदानात पंधराव्या रांगेला दिसणार कशी? कॅमेरा लावून मोठ्या पडद्यावर दाखवू. संध्याकाळी वाचनालयाचा प्रोजेक्टर लावून पाहिला. सात वाजता पडद्यावर नुसता पांढुरका डाग. साडेसातनंतर चित्र दिसलं, पण मग सांगणाऱ्या मुलाकडे कुणाचं लक्षच जाईना, सगळ्या माना पडद्याकडे. पान उलटणारा हात हीच तर त्या खेळातली गंमत, तीच गेली.

ही कला मुळात देवळातल्या जवळ बसलेल्या माणसांसाठी. तिला मैदानाएवढी ताणायची कशाला? मी सुचवलं: मैदानाच्या कोपऱ्यातल्या लिंबाखाली सतरंजी टाकू, माणसं अर्धगोलात बसवू आणि साडेसहा ते सव्वासात, उजेडातच, एकामागून एक तीन खेळ करू. माइक नको, दिवे नकोत, वीज गेली तरी चालेल. आणि माझ्या दोन तास चाळीस मिनिटांतलं एक मिनिटही जात नाही.

बाईंना पटलं. मग वाटलं, हे फक्त मुलांच्याच दिवशी का? उजेडात होणारं सगळं सातच्या आत ओढता येईल. पुस्तकांचं प्रदर्शन, अक्षरलेखनाची प्रात्यक्षिकं. आणि सत्कार! सत्काराला कुठे अंधार लागतो?

१६ एप्रिल

सत्कार ६:४५ ला घ्यावेत असा प्रस्ताव कार्यकारिणीत मांडला. शांतता. मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “पण तेव्हा लोक कुठे आलेले असतात?”

नेमकं हेच. सत्कार लोकांसमोर हवा, म्हणून लोकांना त्यासाठी बसवून ठेवायचं. ठराव झाला नाही. ‘निवेदकाने आटोपशीर घ्यावे’ एवढंच इतिवृत्तात आलं.

१९ एप्रिल

बालनाट्याची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या, प्रमाणपत्रासाठी आधीच पाठवली आहे. आता तालमीत मुलं रोज नवी वाक्यं घालताहेत. बाईंनी फळ्यावर लिहून ठेवलंय: ‘कागदावर आहे तेवढंच बोलायचं.’ खाली कुणीतरी खडूने लिहिलं: ‘हे वाक्य कागदावर नाही.’

२१ एप्रिल

आवाजाची चाचणी. हा दिवस सविस्तर लिहितो, पुढच्या वर्षी ज्याच्याकडे हे काम येईल त्याच्यासाठी.

मंचापासून शेवटच्या रांगेपर्यंत साधारण ४० मीटर. साउंडवाल्याची नेहमीची मांडणी: मंचाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टॉप, म्हणजे मोठे स्पीकर, रचायचे आणि आवाज वाढवायचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. अडीच मीटरवर बसलेल्याला ९५ डेसिबल दिला तर चाळीस मीटरवर ७१ उरतो. पहिल्या रांगेतले कानात बोटं घालणार, शेवटचे “काय म्हणाले?” विचारणार. पहिल्या रांगेत पाहुणे असतात, ते तक्रार करतात, मग आवाज कमी होतो आणि मागची रांग उठते. दरवर्षी हेच.

मी म्हटलं, दोन टॉप मंचाशी ठेव, दोन मैदानाच्या मध्यावर, २५ मीटरवर, मागे तोंड करून.

“काका, घुमेल. एक शब्द दोनदा ऐकू येईल.”

बरोबर होतं त्याचं. विजेच्या तारेतून आवाज मधल्या टॉपला लगेच पोचतो, हवेतून मात्र सावकाश. ३५ अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५२ मीटर जातो, म्हणजे २५ मीटरला ७१ मिलिसेकंद. म्हणून मधल्या टॉपना तेवढा उशीर द्यायचा, वर थोडा आणखी. त्याच्या मिक्सरमध्ये ती सोय होती, कधी वापरली नव्हती. ८० वर ठेवलं. त्याला शेवटच्या बाकावर बसवलं आणि मंचावरून मी वर्तमानपत्रातली बातमी वाचली. तो परत आला तो हसतच. “आवाज मंचावरूनच येतोय असं वाटतं. मधला स्पीकर चालू आहे की नाही तेच कळेना.” कान ज्या दिशेने आवाज आधी येतो तीच खरी मानतो, उरलेला थोडा मागून आला तर तो पहिल्यातच मिसळून जातो. लग्नाच्या कामात हे वापरणार म्हणाला.

आणखी एक. रात्री जमीन निवली की तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची उबदार राहते. मग वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दूरवर पोचतो. आठ वाजता समोरच्या इमारतीला जो आवाज जाणवत नाही, तोच साडेनऊला त्यांच्या खोलीत येतो. म्हणून नऊनंतर खर्जाची पट्टी थोडी खाली घ्यायची. मिक्सरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं.

२५ एप्रिल

दुपारी चारनंतर वळीव. पाऊस जेमतेम, वारा मात्र झोडपणारा. मंच अजून उभा राहिलेला नव्हता, ते बरं. शेजारच्या मैदानातली एक कमान आडवी झाली.

प्रायोजकांना मंचामागे २० बाय १० फुटांचा फ्लेक्स हवा आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात एवढ्या फ्लेक्सवर सुमारे ३०० किलोचा रेटा येतो, आणि तो सगळा मागच्या चार बांबूंवर. अण्णांना आकडा सांगायची गरज नव्हती. “फ्लेक्स लावायचा असेल तर माणसं खाली बसवू नका,” एवढंच म्हणाले. मागे काळा सुती पडदा, खालून मोकळा सोडलेला. वारा आला की फुगेल आणि सोडून देईल. प्रायोजकांची नावं प्रवेशद्वाराशी लहान फलकांवर. त्यांचा फोन आला, नाराज होते. अध्यक्षांनी सांभाळून घेतलं, त्याबद्दल त्यांचे उपकार.

३० एप्रिल

व्याख्यान: महाराष्ट्रातल्या बारवा. ७:२० ला दीपप्रज्वलन. त्यानंतर स्वागतगीत, प्रास्ताविक, वाचनालयाचा इतिहास, १९६७ चा ग्रंथालय कायदा, आपला वर्ग, अनुदान किती महिने थकलं, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, सत्काराला उत्तर. वक्त्यांच्या हाती माइक ८:१७ ला आला.

त्यांनी मात्र मैदान जिंकलं. छायाचित्रं कमी, बोलणं जास्त. बारवेच्या पायऱ्या का असतात, तर पाणी खाली जाईल तसं माणसाला त्याच्या मागे जाता यावं म्हणून. हे सांगताना ते स्वतः मंचाच्या पायऱ्या उतरत खाली आले. शेवटच्या बाकावर मी स्वतः जाऊन बसलो. शब्द न् शब्द. ९:५२ ला संपलं, प्रश्नोत्तरं माइक बंद करून मंचाखाली रंगली.

१ मे

दुपारी पुन्हा शिंतोडे. हवा दमट झाली आणि शाहिरांचा डफ उतरला. ओल धरली की कातडं सैल पडतं, थाप भद्द वाजते. शाहिरांनी आल्या आल्या विचारलं, “शेगडी आहे?” विंगेत कोळशाची शेगडी ठेवली, शेजारी वाळूची बादली. एका माणसाला फक्त तिच्याकडे बघायला बसवलं, कारण सुती पडदा हाताच्या अंतरावर होता. साथीदार डफ शेगडीवर धरून गोल फिरवत राहायचा, मध्येच बोटाने टिचकी मारून ऐकायचा, पुन्हा धरायचा. दोन पोवाड्यांच्या मध्ये डफ आत जाई आणि तेवढा वेळ शाहीर तुणतुण्यावर गप्पा मारत. निवेदकाची गरजच पडली नाही.

शाहिरांनी हातातला माइक नाकारला, समोर एक उभा मागितला आणि त्यापासून दोन हात दूर उभे राहिले. साउंडवाल्याने आवाज वाढवला तर हातानेच खाली कर म्हणाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवरचा पोवाडा झाला तेव्हा मागे उभे असलेले म्हातारे टाळ्या वाजवून नव्हे, ‘जी जी रं जी’ म्हणून साथ देत होते.

आज सत्कार एकच, शाहिरांचा. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, “शाल नंतर घरी द्या, उकडतं.”

२ मे

६:३० ला लिंबाखाली चित्रकथी. पहिल्या खेळाला आई-बाप, दुसऱ्याला गर्दी, तिसऱ्याला इतकी माणसं की अर्धगोल पूर्ण गोल झाला आणि पाठीमागच्यांना पानांची कोरी बाजू दिसू लागली. सांगणाऱ्या मुलाने मग आपण होऊन प्रत्येक पान आधी पुढे आणि मग वळून मागे दाखवायला सुरुवात केली. फिकं होत जाणारं लुगडं तिसऱ्या रांगेतून ओळखू येत नव्हतं, जवळच्यांना येत होतं. एका आजीबाईंनी विचारलं, “वर आली का ती?” शेवटचं पान अजून उघडलं नव्हतं. मुलगा थांबला, म्हणाला, “थांबा ना आजी,” आणि लोक हसले.

७:२५ ला नाटक. संहितेबाहेरची वाक्यं एकही नाही, असं बाई म्हणतात. मी काही बोलत नाही.

३ मे

तबल्याची गोष्ट लिहून ठेवायला हवी. कलाकारांच्या खोलीत पाण्याचा कूलर होता. त्या ओल्या हवेत तबला मिळवला आणि बाहेरच्या कोरड्या गरम हवेत आणला की कातडं ताणलं जातं, स्वर चढतो. पेटीचे सूर धातूच्या पट्ट्यांचे, ते जवळपास जागचे हलत नाहीत. मग पहिला ख्याल सुरू असताना हातोडीची ठाकठोक. तबलजींना हे सांगावं की नको, वयाने मोठे; पण त्यांनीच सहा वाजता तबले मंचावर नेऊन झाकून ठेवायला सांगितलं. “त्यांना इथली हवा खाऊ दे,” म्हणाले. साडेसातला तबल्याच्या लाकडी गट्ठ्यावर दोन-चार ठोके, बस.

गायिकाबाईंनी मंचावर जाण्याआधी एकच प्रश्न विचारला: “भैरवी किती वाजता हवी?” ९:४० म्हटलं. यमन, मग एक छोटा ख्याल, दोन अभंग. समोर घड्याळ नव्हतं, मनगटाकडे एकदाही पाहिलं नाही. ९:४१ ला भैरवीचा पहिला स्वर. ९:५६ ला साउंडवाल्याने सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या. आभारप्रदर्शन बिनामाइकचं झालं आणि म्हणून आटोपशीर झालं.

७ मे

आवराआवरी. दोन सतरंज्या कमी भरल्या, शेडमध्ये सापडल्या. मुलांच्या तिन्ही पोथ्यांना ग्रंथपाल ताईंनी दाखल क्रमांक दिले. पुढच्या वर्षी घरी नेण्यासाठी मागता येतील. समोरच्या इमारतीतून एकच तक्रार, तीही शाहिरांच्या दिवशी पार्किंगची.

कार्यकारिणीत सत्कार सातच्या आत घेण्याचा प्रस्ताव पुन्हा मांडला. चार संध्याकाळींच्या वेळांचा तक्ता सोबत जोडला, ८:१७ वर लाल खूण केली. अध्यक्षांनी तक्ता नीट वाचला आणि विचारलं, अनुमोदक कोण? खजिनदारांनी हात वर केला. ज्येष्ठ सदस्यांनी उपसूचना मांडली: सत्कार सातच्या आत घ्यावेत, मात्र कार्यकारिणीच्या सदस्यांचे वगळून. उपसूचनेवर पुढच्या बैठकीत मतदान.